सायीचा आळ

आळंदहून फोन आला तेव्हा मी भिंतीला पाठ लावून लसूण सोलत होते. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला मरणाची बातमी सांगायची असली की घरचे आधी पाणी आणून देतात. सुनेनं तांब्या पुढं केला आणि मला कळलं. "कोण गेलं?" मी विचारलं. "आळंदच्या मोठ्या आई..." म्हणजे माझी थोरली जाऊ, अक्का. मी पाणी प्यायले, राहिलेला लसूण सोलला आणि मग मला रडू आलं. खरं सांगायचं तर त्या रडण्यात अक्का गेल्याच्या दुःखापेक्षा माझंच दुःख जास्त होतं. संतपूरच्या घरात तिच्यावर एकदा चोरीचा आळ आला होता. तो मी आणला होता. तो खोटा आहे हे कळल्यावरही मी तोंड उघडलं नव्हतं. साठ वर्षांहून जास्त काळ मी ते सांगणं पुढं ढकलत आले, आणि आता सांगू कुणाला?

निजामाच्या अमलातली गोष्ट. मी चौदा वर्षांची असताना उदगीरकडून संतपूरला सून म्हणून आले. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, माहेर आळंदचं. रागावली की कानडीत बोलायची, हसायची मात्र मराठीत. मी चार इयत्ता शिकलेली, त्यामुळं जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत. घरात चार म्हशी. शेणीच्या मंद आचेवर मातीच्या गाडग्यात दिवसभर दूध तापायचं आणि संध्याकाळपर्यंत त्यावर तांबूस, भाकरीएवढी जाड साय धरायची. दुभत्याच्या खोलीची किल्ली सासूबाईंनी, आमच्या अव्वांनी, अक्काच्या कमरेला दिली होती. थोरल्या सुनेचा सगळा मान त्या एका किल्लीत होता. माझ्या कमरेला काहीच नव्हतं, आणि ते मला रोज दिसायचं.

त्या वर्षी सासऱ्यांना, अप्पांना, तहान लागायला लागली. घागर पुरेना, सदरा अंगावर लोंबायला लागला, पायाच्या अंगठ्याला लागलेली ठेच महिना उलटला तरी भरेना. बीदरहून हकीमसाहेब आले. अप्पा परसात ज्या भिंतीपाशी लघवीला बसत तिथं लाल मुंग्यांची रांग लागलेली त्यांनी पाहिली आणि मान हलवली. "शक्कर का मर्ज है, पटेल. दूध नक्को, दही नक्को, मलाई तो बिल्कुल नक्को. जवारी की रोटी खाव, पतली छाछ पिव." रक्त तपासणारं तेव्हा आमच्याकडं कोण होतं? रोग वाढला की उतरला हे मुंग्यांवरून ओळखायचं. रोज सकाळी मुंग्या बघून यायचं काम अव्वांनी माझ्याकडं दिलं, का तर मी शिकलेली! नाकाला पदर लावून मी भिंतीपाशी वाकायची आणि आत येऊन सांगायची, "आज लई हायत," नाहीतर "आज कमी हायत." तहसीलदारसुद्धा इतक्या रुबाबात बोलत नसेल. एकदा तर मुंग्या खरं बोलतात की नाही हे तपासायला मी शेजारच्या भिंतीला गुळाचा खडा ठेवून आले. मुंग्या धावत आल्या. माझी खात्री पटली.

अप्पांचं ताकही मीच करायला घेतलं. हकीमाचा शब्द माझ्यासाठी सरकारी हुकूम. तीनदा साय काढलेल्या दुधाचं ताक, इतकं पातळ की वाटीच्या तळाचे ओरखडे मोजावेत. अप्पा एक घोट घ्यायचे आणि माझ्याकडं बघायचे. "पोरी, हे ताक हाय का भांडं इसळलेलं पाणी?" मी तोंडाला पदर लावून हसायची. पण त्यानं त्यांची भूक भागत नव्हती. तीन भाकऱ्या खाणारा माणूस पाचवी मागायला लागला. मला आनंदच झाला. अप्पांना भूक लागायली, म्हणजे बरे व्हायलेत! मुंग्या वाढत होत्या, जखम ओली होती, आणि मी ताकात आणखी पाणी घालत होते.

मग एकाएकी मुंग्या कमी झाल्या. जखम सुकायला लागली. माझ्या ताकाचा गुण म्हणून मी विहिरीवरच्या बायकांना सांगून आले. त्याच दिवसांत सायीचा एक तुकडा रोज कमी भरायला लागला. शिकलेलं डोकं लगेच कामाला लागलं. मी दुभत्याच्या खोलीच्या दाराआड दबा धरून बसले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी अक्काला पदराखाली वाटी लपवून बाहेर पडताना पाहिलं. ती वाटी कुठं जाते, हे बघायला दहा पावलं तिच्या मागं जायचं होतं. मी गेले नाही. मी पळत अव्वांकडं गेले.

अव्वा ओसरीवर पापड लाटायला बसल्या होत्या, शेजारच्या पाच-सहा बायका सोबतीला. त्यांनी सगळ्यांसमोर अक्काला हाक मारली. "कामून गं, आळंदला कधी साय बघितली न्हवतीस काय? घरात माणूस दुखण्यानं पडलाय, आन् तुला चोरून गिळायला सुचायलंय?" लाटणी थांबली. अक्कानं तोंड उघडलं, एकदा अप्पांच्या खोलीकडं बघितलं आणि तोंड मिटलं. मग कमरेची किल्ली सोडून तिनं अव्वांच्या पुढ्यात ठेवली. अव्वांनी ती उचलून मला दिली. पंधरा वर्षांची होते मी. दिवसभर गरज नसताना चालत होते, किल्ली वाजावी म्हणून.

महिन्याभरात मुंग्या परत आल्या, आधीपेक्षा जास्त. एका दुपारी मी ताकाची वाटी ठेवली तेव्हा अप्पांनी मला बसवून घेतलं. "तुझी अक्का रोज वाटीभर सायीचं दही आणून द्यायची," ते हळू आवाजात म्हणाले. "घट्ट दही पोटात गेलं की माझं दोन भाकरीत भागायचं. तू दिलेलं ताक पिऊन मी भाकऱ्याच खायलोय, पोरी." मी म्हणाले, "मग तुमी अव्वांना कामून सांगितलं न्हाई?" "पहिल्याच दिवशी तिनं शपथ घातली मला. बोललो तर दही कायमचं बंद व्हईल, म्हणली. माझ्या नावाचं काय हुईल ते होऊ द्या, म्हणली..."

दुसऱ्या दिवसापासून मी अप्पांना सायीचं दही द्यायला लागले. पदराखाली वाटी, हुबेहूब तिच्यासारखी. भाकऱ्या दोनवर आल्या, मुंग्या पांगल्या. अप्पा चालायला लागले, शेतावर गेले, पुढं सात वर्षं जगले. आणि अव्वा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "धाकटीच्या हाताला गुण हाय." अक्का दुभत्याच्या खोलीत आली की त्याच अव्वा गाडग्यावर झाकण सरकवायच्या. मला एक वाक्य बोलायचं होतं. पण किल्ली जाईल, ही भीती. एवढीच भीती होती हो, दुसरं काही नाही.

सायीचा गुण होता की भाकऱ्या घटल्याचा, हे मुंग्यांनी मला कधी सांगितलं नाही. माझ्या नातवालाही साखरेचा रोग आहे, त्याचे डॉक्टर एकदा साय बंद म्हणतात, एकदा थोडी चालेल म्हणतात. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा. ताक कसं करू नये, एवढंच मी सांगू शकते.

अक्काला मात्र सगळं कळलं होतं. एका दुपारी मी वाटी घेऊन निघाले आणि बोळात ती समोर आली. माझा पदर सरकला होता, वाटी उघडी पडली होती. अक्कानं वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग पुढं होऊन तिनं माझा पदर वाटीवर नीट ओढला आणि निघून गेली. त्यापेक्षा तिनं मला एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं...

निजामाचं राज्य गेलं, पुढं घर वाटलं गेलं. अक्काच्या मालकांनी आळंदला तुरीचं दुकान टाकलं, आम्ही बीदरला आलो. वर्षातून एकदा मी तिच्याकडं जायची. दरवेळी म्हणायची, "अक्का, ते सायीचं..." आणि दरवेळी ती ताटाकडं बोट दाखवायची. "जेव गवरे, भाकर गार व्हायली." मी जेवायची. सुटल्यासारखं वाटायचं मला, हेही लिहून टाकते.

तिच्या दिवसकार्याला मी आळंदला गेले. तिला आवडणारे जिन्नस केळीच्या पानावर मांडत होते. तिची सून शेवटी ताक घेऊन आली, पातळ. मी म्हणाले, "सायीचं दही ठेव गं." तिकडं सासूला अत्ती म्हणतात. ती म्हणाली, "नको काकू. अत्तींनी जन्मभर साय तोंडात घातली न्हाई. वास सोसत न्हाई म्हणायच्या." माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी गाडग्याची गरम खरवड आम्ही दोघींनी बोटं पोळेपर्यंत खाल्ली होती. अक्काला साय किती आवडायची हे त्या घरात एकटी मीच जाणत होते, आणि तिनं ती का सोडली हेही.

मी उठून उभी राहिले. पंचवीस-तीस माणसांसमोर सगळं सांगितलं. वाटी, किल्ली, पापडाच्या बायका, सगळं. मला वाटलं होतं, कुणीतरी रागवेल. एका नातवानं खुर्ची आणून दिली. "कोणाची साय, आजी?" दुसऱ्यानं विचारलं. "अव्वा म्हणजे कोण?" सगळे समजुतीनं माना हलवत होते. ज्यांच्यासमोर तिचं नाव गेलं होतं, त्यांच्यातलं एकही माणूस जिवंत नव्हतं.

जेवणं झाल्यावर सुनेनं मला अक्काच्या खोलीत विसावा घ्यायला पाठवलं. मी आले की अक्का पलंगावर भिंतीकडं सरकून मला जागा करायची. आता पलंग सगळा रिकामा होता, अंथरूण मधोमध घातलेलं. मी सवयीनं कडेलाच आडवी झाले. भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "अक्का, साय तू खाल्ली न्हवतीस. मला ठावं होतं."

दारातून सून म्हणाली, "काकू, कुणासंगं बोलायलाव?"

"कुणासंगं न्हाई गं," मी म्हणाले, आणि तशीच कडेला पडून राहिले.