मारुतीसमोरचा बूट

मोहोपाड्याला जिम काढली तेव्हा मी दारात पायऱ्यांऐवजी सिमेंटचा उतार करून घेतला. अपंग माणसालाही इथे व्यायाम करता आला पाहिजे, असं उद्घाटनाला माईकवर बोललो. टाळ्या पडल्या.

आमच्याकडे जिमसुद्धा तालमीसारखीच मानतात. समोर मारुतीचा फोटो, शनिवारी नारळ, चपला-बूट दाराबाहेर. आत सगळे अनवाणी.

त्या उतारावरून एक दिवस कारखान्यातला एक कामगार कुबड्या टेकत आला. पोलिओने एक पाय गेलेला, मांडीपर्यंत लोखंडी सळयांचा, पट्ट्यांनी बांधलेला कॅलिपर.

"खांदे धरतात, दादा. डॉक्टर बोलले, ताकद आणा, नायतर कुबड्या पेलायच्या नाहीत. मग कायमची चाकाची खुर्ची."

मी "या, या" म्हटलं आणि सवयीने पायांकडे बघितलं. "बूट तेवढे बाहेर काढा. मारुती आहे."

"ह्यो बूट सळईलाच जोडलेला हाय. काढला तर उभा कसा राहू?"

आतली पोरं डंबेल्स खाली ठेवून बघत होती. त्यांच्यासमोर नियम मोडायचा माझा धीर झाला नाही. "नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणालो.

तो उतारावरच बसला. दुसऱ्या पायातला बूट काढला, पट्टे सोडले, कॅलिपर चपलांच्या रांगेत ठेवला. मग हातांवर अंग पेलत, फरशीवरून सरकत बेंचपर्यंत गेला.

"काका, वॉर्मअप झाला की तुमचा!" एकजण ओरडला. सगळे हसले. तोही हसला.

मीही हसलो.

पुढे तो आलाच नाही. बरेच दिवस वाट बघून मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने पाणी दिलं.

"नियम काढून टाकलाय. बुटासकट या," मी म्हणालो.

"मारुतीला इचारलं का?" तो म्हणाला.

"तो काय बोलणार?"

"तवा पन तो काय नव्हता बोलला. तुमीच बोललात."

तरी तो आला. खांद्यांसाठीच आला असणार, माझ्यासाठी नाही. आता रोज येतो, खांदे पूर्वीसारखे धरत नाहीत म्हणतो. पण आत येण्याआधी भिंतीला टेकतो, खिशातून फडकं काढतो आणि कॅलिपरच्या बुटाचा तळ पुसतो. नका पुसू, असं मी कितीदा सांगितलं.

"राहू द्या, दादा. पोरं बघतात."

तो दारात दिसला की मी बारला वजनं लावायच्या निमित्ताने पाठ फिरवतो.