बहिऱ्या जॅकीचा बिल्ला

मशीन सुरू केलं तरी टेबलाखाली झोपलेला कुत्रा हलला नाही. पितळेला टूल लागलं की मशीन चांगलंच किंचाळतं. नवीन गिऱ्हाईक हमखास दचकतं. याचा कानही हलला नाही.

"बहिरा आहे, मॅडम," नंदलालकाका म्हणाले. "बुढा झाला आता. त्याच्यासाठीच तर आलोय."

अंबरनाथला माझं एनग्रेव्हिंगचं छोटं वर्कशॉप आहे. आधी कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी केली, आता नेमप्लेट, ट्रॉफ्या, कीचेन करते. मशीन टेबलावर मावतं, ओव्हनपेक्षा थोडं मोठं. टोकदार टूल गरगर फिरतं, कॉम्प्युटर सांगेल तसं सरकतं आणि धातूत अक्षर कोरतं. याला डेस्कटॉप मिलिंग म्हणतात.

काका मूळ उल्हासनगर कॅम्प पाचचे. बायको गेल्यावर दुकान बंद करून चिखलोलीला मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये आले. सोबत जॅकी. तिथे एका लहान मुलीने झोपलेल्या जॅकीला मागून हात लावला. तो दचकला आणि त्याने फटकन तोंड टाकलं. फ्रॉकची बाही फाटली, दात लागले नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, पुन्हा असं झालं तर कुत्रा इथे नको.

"मग काय करणार?" मी विचारलं.

"कॅम्पात परत. एक खोली बघून ठेवलीय. मुलगा नाराज होईल. होऊ दे."

त्यांना गळ्यातला गोल बिल्ला हवा होता, रुपयाच्या नाण्याएवढा. मजकूर: 'मी बहिरा आहे. मागून हात लावू नका.'

एवढ्या जागेत एवढं लिहायचं तर अक्षर बारीक. त्यात पत्रा किंचित वाकलेला. टूल एकाच उंचीवरून फिरतं, त्यामुळे पहिल्या बिल्ल्यावर 'मी बहिरा' खोल उतरलं आणि 'लावू नका' जेमतेम ओरखडलं. म्हणजे नेमका महत्त्वाचा भाग गायब. दुसरा तुकडा घेतला, वरून हलका थर काढून सपाट केला, मग कोरला. वेलांट्या, उकार, सगळं स्वच्छ. मी स्वतःवर खूश.

थोड्या दिवसांनी काका परत आले.

"मॅडम, अक्षर एक नंबर. सेक्रेटरी वाचायला खाली वाकले."

"मग?"

"समोरून वाकले म्हणून वाचले. मागून वाकले असते तर?"

मी अक्षरं किती खोल उतरली ते तपासलं होतं, अक्षरांमधलं अंतर तपासलं होतं. सावध राहायची सूचना वाचायला कुत्र्याच्या तोंडाशी जावं लागेल, हे तपासलं नव्हतं.

दुसऱ्यांदा एकच शब्द ठरवला. लांबून दिसेल असा, गळ्यातल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना.

"कुठल्या भाषेत?"

"सोसायटीत सगळे आहेत. मराठी, सिंधी, गुजराती, एक मद्रासी फॅमिली. इंग्लिश टाका."

पितळेच्या दोन लांब पट्ट्यांवर DEAF कोरलं. मान गोल, पट्टी सरळ, तशीच लावली तर टोकं टोचणार. म्हणून आधी सपाट कोरून घेतल्या, मग पाइपवर दाबून वाकवल्या आणि शेवटी अक्षरांत काळा रंग भरला. रंग आधी भरला तर वाकवताना तडकतो. कडा कानशीने घासल्या. पट्टा मीच जॅकीला बांधला, समोरून. त्याने माझा हात हुंगला आणि पुन्हा झोपला.

पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. मला राहवेना. मीच फोन केला.

"काका, कॅम्पात गेलात की काय?"

"नाय, नाय. इथेच आहे. सेक्रेटरी आता काही बोलत नाहीत."

"म्हणजे पोरांनी वाचलं."

"वाचलं ना. त्यांना वाटतं, त्याचं नाव डीफ आहे."

"काय?"

"डीफ, डीफ करत मागे फिरतात. हा बघत नाही. मग पोरं म्हणतात, रुसला. पुढे येऊन हात हलवतात, बिस्किट दाखवतात. मग हा शेपटी हलवतो. मागून कोण हात लावत नाही."

"तुम्ही खरा अर्थ सांगितला नाहीत?"

"कशाला? चाललंय ते चांगलं चाललंय, मॅडम."

तेव्हापासून ऑर्डर घेताना मी एक प्रश्न जास्त विचारते: हे कोण वाचणार आणि कुठून? जॅकीच्या बाबतीत माझं उत्तर दोन्ही वेळा चुकलं. काम दुसऱ्या वेळी झालं.