लालासाहेबांच्या गाडीच्या काचा

नाथाजी हवालदाराइतका स्वच्छ माणूस आमच्या फलटणच्या स्टँडावर दुसरा नव्हता, आणि त्याच्यावर उपसायची वेळ आली ती नेमकी आमची घाण.

फौजेत अठरा वर्षं गाड्यांच्या वायरी जोडून तो परत आला आणि माझ्या हॉटेलाशेजारी पत्र्याच्या शेडात त्यानं दुकान टाकलं. हत्यारं पुसून ओळीनं मांडलेली असायची. गिऱ्हाईक दारात थुंकलं की हा काम थांबवायचा, पाण्याचा डबा त्याच्या हातात द्यायचा आणि तो धुईपर्यंत समोर उभा राहायचा. मिलिटरीचं खूळ म्हणून आम्ही हसायचो.

चौऱ्याहत्तर साली बागायतदार लालासाहेबांनी सांगलीच्या जयपालांकडून एक जुनी पिकअप आणली. जयपाल हळदीचे व्यापारी. मुंबईच्या कुणा साहेबाची अमेरिकन मोटार त्यांनी घेतली होती, मागचा भाग कापून पोती न्यायला हौदा बसवला होता. पण दारांच्या काचा मूळच्याच. हँडल नाही; दारावरचं बटण दाबलं की काच आपोआप वर, आपोआप खाली. ते बघायला माणसं जमायची. लालासाहेबही हौशी. दिसेल त्याला "बस रं" म्हणायचे, आणि बसलेला माणूस आधी तंबाखूची चंची सोडायचा.

आता आमच्याकडची रीत सांगतो. जेवत असाल तर नंतर वाचा. तळहातावर तंबाखू घ्यायची, बोटानं चुना काढायचा, आणि बोटाला उरलेला चुना जवळ जे असेल त्याला पुसायचा. खांब, भिंत, एसटीची सीट, देवळाची चौकट, काहीही चालतं. स्वतःच्या धोतराला मात्र कुणी पुसत नाही. माझ्या हॉटेलातल्या टेबलांच्या कडा खालून चाचपून बघा, आठ दिवस जेवण जाणार नाही. शिसारी येते मला या लोकांची.

सहा महिन्यांत दोन्ही काचा अर्ध्यावर अडकल्या. भर बाजारात लालासाहेब ओरडले, "सडकी गाडी गळ्यात मारली जयपालनं! लबाड माणूस!" सांगलीला निरोप गेला, येऊन तुमची गाडी घेऊन जा. व्यापाऱ्याचं नाव गेलं की मागं काय उरतं? जयपाल दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आले. चार जाणती माणसं जमली आणि ठरलं, नाथाजी तपासून सांगेल ते खरं. जयपालांचा दोष निघाला तर त्यांनी पैसे देऊन गाडी परत न्यायची.

नाथाजीनं दाराचा पत्रा उतरवला. बॅटरीवरून दोन तारा थेट मोटरला लावल्या. काच सर्रकन वर गेली.

"मोटर चांगली हाय," तो म्हणाला. "खोट बटणात हाय."

त्यानं बटणाची पट्टी उचकटली आणि मान फिरवली. आम्ही वाकून बघितलं. आत वाळलेला चुना, त्यावर ओला चुना, त्यात तंबाखूचा भुगा, थुंकीचे काळे थर. तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडून गिळगिळीत झालेल्या. असा वास सुटला की एकजण रस्त्याच्या कडेला जाऊन ओकला. लाकडाच्या काडीनं नाथाजी ते कोरून काढत होता आणि कागदावर ठेवत होता.

"ही गाडीची खोट न्हाई," तो शेवटी म्हणाला. "ही बोटाची खोट हाय. जे जे या गाडीत बसलं, त्यांनी आपापली बोटं दाखवावी."

झालं! जाणत्यांचे हात कुणाचे खिशात, कुणाचे उपरण्यात. जयपालांनी तेवढे दोन्ही हात पुढं केले. ते सुपारीसुद्धा खात नसत.

लालासाहेब लालबुंद झाले. "म्हंजे आमी सगळी घाणेरडी, आनि ह्यो सांगलीवाला एकटा सोवळा? आमची कुनाची बोटं लागली न्हाईत. गाडी आली तवाच बटणात ही घाण व्हती!"

"व्हय, व्हय," चारी जाणते म्हणाले.

नाथाजी माझ्याकडं वळला. "हरिबा, म्हसवडच्या जत्रेला तू याच गाडीतनं गेला व्हतास. बटण तवा कोरं व्हतं का न्हाई? येवढंच सांग."

कोरं होतं. चकचकीत होतं. मीच ते दहादा दाबून बघितलं होतं. आणि तंबाखू मळून झाल्यावर त्याच्या कडेला बोट पुसणारा पहिला माणूसही मीच होतो. नाथाजी विचारत होता तेव्हा माझा हात टॉवेलात गुंडाळलेला होता आणि माझ्या हॉटेलाची जागा लालासाहेबांची होती.

"मला काय आठवत न्हाई गड्या," मी म्हणालो.

जयपाल उठले. "आसू दे. नेतो मी गाडी."

"आवं, नेऊ नका," नाथाजी कळवळून म्हणाला. "नेली तर तुमीच लबाड ठरता."

"ठरलो की," जयपाल म्हणाले.

नाथाजीनं मग पट्ट्या पेट्रोलनं धुतल्या, काचकागदानं घासल्या, बटणं बसवली. दोन्ही काचा वर-खाली करून दाखवल्या. रस्त्याच्या धुळीनं त्रास होऊ नये म्हणून त्या वर चढवून त्यानं गाडी जयपालांच्या हवाली केली. नंतर साबण लावून तो कोपरापर्यंत हात धूत बसला. मी चहा घेऊन गेलो. त्यानं मान वर न करता सांगितलं, "बाहीर ठेव."

पुढच्या महिन्यात लालासाहेबांनी नवी जीप आणली. माझ्या दारात थांबवून "बस रं हरिबा" म्हणाले, आणि मी बसलो.