निवृत्तीभाऊंचं मधलं इंजिन

औंढ्याच्या निवृत्तीभाऊंना कुणी नवा माणूस भेटला की ते आधी त्याचं गाव विचारत, मग आडनाव, आणि मग, "गाडी कुटली? इंजिन कुटं हाये तिचं?" बहुतेकांना आपल्या गाडीला इंजिन आहे एवढीच खात्री असते. ते बापडे पुढच्या बाजूला बोट दाखवत. त्यावर भाऊ नुसतं "असू द्या, असू द्या" म्हणत; चारधाम करून आलेल्यानं जेजुरीपर्यंतच गेलेल्याला म्हणावं तसं.

कारण भाऊ इंजिनाच्या पुढं, मागं, वर आणि शेजारी बसून आयुष्य जगले होते. सुरुवात तीनचाकी टेम्पोपासून झाली. पुढं एकुलतं एक चाक आणि त्या चाकावरच इंजिन. कामशेतच्या बाजारात तांदळाची पोती नेताना तो टेम्पो असा थरथरायचा, की ती थरथर भाऊंच्या सहीत अजून आहे. नंतर रिक्षा घेतली, तिचं इंजिन मागं, गिऱ्हाइकाच्या बुडाखाली. मग मॅटाडोर. तिच्यात इंजिन ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधोमध तिसऱ्या माणसासारखं बसलेलं, त्याच्यावर भाऊ भाकरी गरम करत. मग लांब नाकाची जीप. मग ओम्नी, जिच्यात मालक स्वतःच इंजिनावर बसतो. पवनेकडच्या थंडीत तिनं भाऊंना शेकोटीची आठवण येऊ दिली नाही. आणि शेवटी नॅनो, पुन्हा इंजिन मागं, पण आता ऐटीत.

"माणसं गाडी घेताना बसायला जागा किती ते बघत्यात," त्यांची बायको सविता म्हणायची. "आमचे हे, डोकं आत घालून इंजिन बघत्यात, आन् मला सामानासंगं मागं बसवत्यात."

कार्ल्याच्या फाट्यावर जानूची चहाची टपरी आहे. तिथं गाड्यांच्या विषयात भाऊंचा शब्द शेवटचा. दसरा जवळ आला की त्यांचं एक वाक्य टपरीवर दरवर्षी ऐकू येई: "बॉनेटला कुंकू लावायचं म्हंजे माणसाच्या टोपीला गंध लावायचं. कुंकू इंजिनालाच लागलं पायजे." आणि खरोखर, औंढ्यात दसऱ्याला भाऊ हातात ताट घेऊन दारोदार फिरत, लोकांच्या गाड्यांची झाकणं उघडत आणि इंजिन शोधून त्याला पाच बोटं लावत. गावात कुणाच्या पोटात काय आहे हे डॉक्टरला नसेल माहीत इतकं, कुणाच्या गाडीच्या पोटात काय आहे हे भाऊंना माहीत होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना युनूस आला.

युनूस कामशेतचा, चाळिशीतला, तुंगार्लीच्या एका बंगल्यावर ड्रायव्हर. बंगल्याचे शेठ मुंबईला असतात आणि दोन महिन्यांतून एकदा लोणावळ्याची हवा खायला येतात. पण शेठच्या चार गाड्यांना रोज हवा लागते. गाडी उभी राहिली की बॅटरी बसते, म्हणून दर रविवारी एकेक गाडी फाट्यापर्यंत फिरवून आणायची, हे युनूसचं काम. फिरवून आणायची म्हणजे जानूच्या टपरीसमोर लावून चहा प्यायचा, हेही ओघानं आलंच.

त्यानं फुशारकी मारली असती तर भाऊंनी त्याला एका घोटात संपवला असता. पण युनूस अतिशय सभ्य माणूस. गाडीतून उतरला की आधी "भाऊ, बरं हाये ना?" म्हणायचा. हा सभ्यपणाच भाऊंना खाज सुटल्यासारखा अंगभर चावायचा.

एका रविवारी तो लाल गाडी घेऊन आला. दोनच माणसांची, बसकी, जमिनीला पोट टेकल्यासारखी.

"आरं, ही काय बसलीय का उभी हाये?" भाऊ म्हणाले. टपरी हसली.

युनूसही हसला. "भाऊ, तुमी मधलं इंजिन चालवलंय का कदी?"

"ओम्नी काय व्हती मग? बैलगाडी?"

"ओम्नीचं बुडाखाली हो. हिचं पाठीमागं. पण मागच्या चाकांच्या पुढं. माणसाची पाठ संपली की इंजिन सुरू. सहा सिलिंडर, तीन हिकडं आडवी, तीन तिकडं आडवी."

भाऊंनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. जानूनं त्यांच्याकडं पाहिलं. टपरीवरच्या पाचसहा जणांनी पाहिलं. भाऊंनी अख्ख्या आयुष्यात जमवलेल्या माळेत एक मणी कमी आहे, हे त्या क्षणी कार्ल्याच्या फाट्याला कळलं.

"भाऊंनी नसंल चालवलं, तर हितं कुणीच न्हाई," जानू म्हणाला. त्याला सावरायचं होतं. पण चहा सांडल्यावर फडक्यानं तो आणखी पसरतो, तसं झालं.

त्या दिवसापासून भाऊंचा रविवार नासला, तो वर्षानुवर्षं नासलेलाच राहिला. लाल गाडी जुन्या हायवेवरून येताना तिचा आवाज आधी यायचा. भाऊ तिच्याकडं पाठ करून बसत. पाठ रस्त्याकडं, पण दोन्ही कान म्हशीसारखे मागं वळलेले. गाडी गेली की ते तिच्यातली खोट काढत. "दोन माणसांची गाडी! बायकोला बसवलं तर सासूला टपावर ठिवायची का?" "पावसात औंढ्याच्या रस्त्यानं आणून दाखव म्हनावं, पोटाला शेवाळ लागंल." रात्री जेवताना ते मधेच म्हणत, "तीन हिकडं, तीन तिकडं." सविताला वाटे भाकरीचं बोलताहेत. ती आणखी वाढे.

युनूसला एकदा म्हटलं असतं, "बाबा, मला जरा चालवू दे," तर त्यानं किल्ली हातात दिली असती. हेच तर दुखणं होतं. भाऊंनी आजवर प्रत्येक इंजिन घेतलं होतं किंवा घाम गाळून चालवलं होतं. कुणाकडं मागून एकही नाही. आणि मागायचं तेही कुणाकडं? ज्यानं स्वतः एक रुपयाचं पेट्रोल न घालता, नुसता पगार घेऊन, शेठची बॅटरी बसू नये म्हणून ते इंजिन चालवलं, त्याच्याकडं! भाऊंना वाटे, देवानं वाटप करताना पोळी एकाच्या ताटात टाकली आणि भूक दुसऱ्याच्या पोटात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी युनूस थेट औंढ्याला आला. जुन्या स्कूटरवर. ओसरीवर बसून पाणी प्यायला आणि म्हणाला, "भाऊ, एक काम व्हतं. बंगल्यावरचा माळी गावाला गेलाय. दरसाल गाड्यांची पूजा तोच करायचा. मी हार घालीन, नारळ आणून ठेवीन, पण शेठच्या आईला सगळं रीतसर लागतं. फोटो पाठवायचेत. त्यांना म्या तुमचं ते टोपीला गंध लावायचं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याच माणसाला बोलीव."

भाऊंच्या मिशीत एक बारीक हालचाल झाली. "सवड बघाय लागंल," ते म्हणाले.

"लाल गाडीची तर शेवटचीच पूजा," युनूस उठता उठता म्हणाला. "शेठनं इकली. परवा नवा मालक नेणार."

भाऊंना सवड तिथल्या तिथं झाली.

दसऱ्याला सकाळी ते इस्त्रीचा पांढरा सदरा आणि नवी टोपी घालून, सविताकडून ताट सजवून घेऊन तुंगार्लीला पोचले. पहिल्या तीन गाड्या त्यांनी मुंजीच्या भटजीसारख्या झटपट उरकल्या. झाकण वर, कुंकू इंजिनाला, हार, नारळ, पुढची. युनूस मागं मागं फोटो काढत होता. मग आली लाल गाडी.

भाऊंनी पुढचं झाकण उघडायला लावलं. आत स्वच्छ खोका. त्यात गाडीचं घडी केलेलं कव्हर.

"असणारच," भाऊ म्हणाले. "पुढं सामान. मला म्हाईत हाये. मागचं उघड."

मागचं उघडलं. आत आणखी एक खोका. त्यात शेठची छत्री.

भाऊ थांबले. पुन्हा पुढं गेले, पुन्हा मागं आले. छत्री उचलून तिच्याखाली पाहिलं. मग ताट युनूसच्या हातात दिलं आणि टोपी सांभाळत जमिनीवर आडवे झाले. पण गाडीखाली डोकं जाईल एवढी जागा नव्हती. गेला तो फक्त सदरा. उठले तेव्हा ती इस्त्री इतिहासजमा झाली होती. ज्या माणसानं सारा मावळ इंजिन कुठं म्हणून धारेवर धरला, त्याला भर दसऱ्याला इंजिन सापडत नव्हतं, आणि ते युनूससमोर! युनूस हसला असता तरी चाललं असतं. तो ताट धरून अदबीनं उभा होता.

"भाऊ, तिथं झाकणच न्हाई," तो हळूच म्हणाला. "कंपनीचा माणूस आला तरच उघडतं. म्या बी आठ वर्सांत इंजिन बघितलेलं न्हाई."

"तू बी न्हाई?" भाऊंच्या अंगात जीव आला. "आठ वर्सं चालवतोस आन् तोंड न्हाई बघितलंस? आरं, मग तेल कुटं घालतोस?"

युनूसनं मागच्या खोक्यात कडेला असलेली दोन लहान बुचं दाखवली. एक पाण्याचं, एक तेलाचं.

भाऊंनी तेलाच्या बुचावर हात ठेवला. "चालू कर," म्हणाले. गाडी चालू झाली. बुचाखाली काहीतरी जिवंत थरथरलं. भाऊंनी डोळे मिटले आणि बोटानं त्या बुचाला कुंकू लावलं. "हे तोंड हाये. तोंडाला लावलं म्हंजे पोटाला पोचलं. काढ फोटो."

"आयला, भाऊ," युनूस मनापासून म्हणाला, "मला हे सुचलंच नसतं."

चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. आता रीत अशी, की पूजा करणाऱ्यानंच गाडी लिंबांवरून पुढं काढायची. युनूसनं दार उघडून धरलं.

भाऊ आत बसले म्हणजे पंगतीला बसावं तसे खाली गेले. पाय लांब, समोर काहीच नाही, नुसतं आभाळ आणि बंगल्याचं फाटक. आणि पाठीमागं, अगदी मानेशी, तो आवाज. पुढं नाही, खाली नाही, लांब मागं नाही. कुणीतरी जिवाभावाचं माणूस पाठीशी उभं राहून गुणगुणतंय असा. भाऊंनी हळूच क्लच सोडला. एक लिंबू फुटलं, मग दुसरं. गाडी दहा पावलं गेली.

"काढा की भायेर," युनूस वाकून म्हणाला. "तळ्यापर्यंत जाऊन या. मी फाटक उघडतो."

भाऊंचा हात गियरवर होता. बाहेर तुंगार्लीचा रस्ता मोकळा, धुतल्यासारखा. लिंबांपुरती दहा पावलं त्यांच्या हक्काची होती, रीतीनं मिळालेली. फाटकाबाहेरचा रस्ता युनूसचा. तो घेतला असता तर जन्मभर त्या इंजिनाला युनूसचं नाव चिकटलं असतं. भाऊंनी किल्ली फिरवून गाडी बंद केली. "घरी आपट्याची पानं वाटायचीत," म्हणाले आणि गुडघ्यांवर जोर देत वर आले.

संध्याकाळी सोनं द्यायला सगळे टपरीवर जमले. भाऊंच्या आधी युनूस पोचला होता.

"भाऊ, खरं का?" जानू ओरडला. "युनूस म्हंतो तुमी लाल गाडी तळ्याला येढा घालून आणलीत! आन् वळणावर अशी घातली म्हंतो, की त्याच्या काळजाचं पाणी झालं!"

भाऊंनी युनूसकडं पाहिलं. तो आपट्याची पानं हातात घेऊन, मान खाली घालून हसत होता. म्हणजे गाडी यानंच चालवायची, आणि मनाचा मोठेपणाही यानंच दाखवायचा! आपल्या वाटणीला ठेवलंय तरी काय यानं?

"साफ खोटं हाये!" ते गरजले. "फाटकाभायेर बी न्हाई नेली. दहा पावलं. लिंबापुरती!"

टपरीवरच्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग जानूनं कौतुकानं मान हलवली.

"बघा," तो इतरांना म्हणाला, "मोठी माणसं अशी असत्यात. आमी असतो तर खंडाळ्यापर्यंत नेली म्हणून सांगितलं असतं."

"आरं, खरंच दहा पावलं रं!"

"व्हय व्हय, भाऊ. दहाच," म्हणत सगळ्यांनी त्यांना सोनं दिलं, आणि पाया पडणाऱ्यांत युनूस सगळ्यांत पुढं होता.