चुन्याचं बोट

बाजारात जुनं हत्यार हातात घेतलं की सदूअण्णा भाव विचारायचे नाहीत. आधी विचारायचे, "याच्या मालकानं हे विकलंन कशाला?" ताडपत्रीवर पाने, हातोडे, पकडी मांडून बसलेला विक्रेता वैतागायचा. मालक मेला असेल नाहीतर मुंबईला गेला असेल, मला काय ठाऊक, म्हणायचा. अण्णांचं समाधान व्हायचं नाही. चांगलं हत्यार कोणी सुखासुखी विकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि तरी या माणसाने जन्मात नवं हत्यार घेतलं नाही.

मी रिक्षावाला. रत्नागिरीच्या आठवडा बाजारातून त्यांना आणि त्यांच्या लोखंडाला पूर्णगडला पोचवणं ही माझी ठरलेली फेरी. अण्णा पूर्वी मोठ्या बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर खाडीजवळ पत्र्याची शेड घातली, आणि मुलगा बाबू नि ते मच्छीमारांची इंजिनं दुरुस्त करू लागले. बोटीवर असताना एक गडी त्यांच्या डोळ्यांदेखत इंजिनाखाली गेला होता. इंजिन टांगलेला हूक उघडला होता म्हणे. त्या गड्याचं नाव त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण वाटेतल्या प्रत्येक उतारावर मागचं लोखंड खणखणलं की ते मागे वळून बघायचे. त्यांच्या नादाने मीही भित्रा झालो. जॅक दिसला की मला त्याखाली कोणीतरी दिसायचं.

"आधी भ्यायचं, मग भाव करायचा," असं ते मला शिकवायचे. मी म्हणायचो, अण्णा, एवढं भ्यायचं तर घ्यायचं कशाला? त्यावर ते हसायचे आणि पुढच्या ताडपत्रीकडे वळायचे. स्वस्त मिळालेल्या पान्याचा त्यांना लहान पोरासारखा आनंद व्हायचा, हे मात्र खरं.

एकदा त्यांना दोन सारख्या चेनपुल्या, म्हणजे साखळीने वजन उचलायच्या कप्प्या, एकाच भावात मिळाल्या. एक ठणठणीत होती. दुसरीच्या हूकला बारीक चीर होती. ती त्यांनी सुट्या कड्यांसाठी ठेवली आणि पानाच्या डबीतला चुना हूकवर बोटाने फासला. शेडमधला हा कायदाच होता. चुना दिसला की हात लावायचा नाही.

खंडेनवमीला अण्णांनी सगळी हत्यारं स्वतः रॉकेलच्या फडक्याने पुसली, तेल लावलं, कुंकू लावलं, झेंडू वाहिले. वर्षातून एकदा त्यांची पूजा, ती दुसऱ्या कोणाला करू देत नसत.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही बाजारातून परतलो. शेडमध्ये बोटीचं इंजिन तुळईला चेनपुलीने टांगलेलं होतं आणि बाबू त्याच्या खाली उताणा पडून चेंबरचे बोल्ट खोलत होता. जोडीतली उरलेली चेनपुली खिळ्यावर होती. तिच्या हूकवर चुना नव्हता. म्हणजे चुन्याची ती वर असणार. मी वर पाहिलं. तिथेही चुना नव्हता, नुसतं कुंकू होतं. अण्णांकडे बघितलं तर त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. पूजेच्या नादात चुना त्यांनीच पुसला होता.

मी ओरडणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट आवळलं. दचकून बाबूने इंजिनाला धक्का दिला असता. अण्णा अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "बाबू, मला पाणी दे."

बाबू म्हणाला, दोनच बोल्ट राहिलेत.

"आत्ता दे रे. घसा सुकलाय."

बाबू कुरकुरत, घसरत बाहेर आला. तो उभा राहून चार पावलं लांब जाईपर्यंत अण्णांनी माझं मनगट सोडलं नाही. मग ते खिळ्याकडे गेले, हूक खाली घेऊन त्यावर नख फिरवलं आणि तिथेच जमिनीवर बसले. चीर त्यांच्या हातातल्या हूकला होती. वरची पुली चांगली होती.

सगळं कळल्यावर बाबू हसला. काहीच झालं नाही ना, मग रडता कशाला, म्हणाला. अण्णा खरंच रडत होते.

थोड्या वेळाने त्यांनी तो हूक व्हाइसमध्ये घट्ट आवळला आणि हॅक्सॉने कापायला लागले. जाड पोलाद, म्हाताऱ्याचे हात. मला बघवेना. मी म्हटलं, भंगारात घाला, वजनाचे पैसे तरी येतील.

अण्णांनी मान वर केली नाही. "भंगारातनंच आणलंय मी. परत माझ्यासारखा कोणतरी स्वस्तात घेईल. त्याचा पण बाबू असेल."

बाबूचं हसू मावळलं. तो पुढे झाला आणि बापाच्या हातातून हॅक्सॉ घेऊन कापू लागला. अण्णा गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. मी अजून बाजारात जातो, एखादा हूक हातात घेतो, आणि भीती वाटली की तो खाली ठेवून देतो.