उपाशी पोटीची गोळी

चर्चमध्ये शुभ शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या उपासनेत शेजारी बसलेल्या आईच्या हातातलं गीतपुस्तक थरथरत होतं. मला वाटलं, भक्तीनं. मग तिच्या मानेवरचा घाम दिसला.

"आई, शुगरची गोळी घेतलीस?"

"घेतली की. गोळीनं कुठं उपास मोडतो?"

पोटात कालपासून अन्न नव्हतं आणि गोळी उरलीसुरली साखरही उतरवत होती. तिची जीभ जड झाली. पाळकसाहेबांनी प्रार्थना थांबवली, स्वतः साखरपाणी आणलं. "प्या, मावशी. उपास मी सोडवतोय."

ती प्यायली, सावरली. भक्ती आणि भोवळ बाहेरून इतक्या सारख्या दिसतात?

आता प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात, तेव्हा मी तिचे हात बघत बसते.