काकांची पुरचुंडी लॉकरमध्येच होती

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी पोरगी नाहीये. हॉस्टेलला पोरी भुताच्या स्टोऱ्या सांगायच्या तेव्हा मधेच लॉजिकल प्रश्न विचारून सगळ्यांचा मूड घालवणारी ती मीच... त्यामुळं हे टाइप करताना मलाच कसंतरी होतंय. पण चार महिने झाले, डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहितेच.

मी संभाजीनगरला सिडकोत राहते. काका-काकू करमाडला. काका टुरिस्ट गाडी चालवायचे — स्टेशन ते वेरूळ, वेरूळ ते स्टेशन, उभा जन्म. कुठकुठले लोक त्यांच्या गाडीत बसले, पण काकांनी स्वतः समुद्र कधी बघितला नाही. दरवर्षी काकूला म्हणायचे, "चल, मुंबईला जाऊन समुद्र बघून येऊ." काकू म्हणायची, "पुढल्या वर्षी." कधी कापसाची वेचणी असायची, कधी वैभवदादाची परीक्षा. वैभवदादा म्हणजे त्यांचा मुलगा.

शेवटी शेवटी, अंथरुणावर असताना काका म्हणाले, "मला पैठणला नका सोडू. तिथं धरणातून पाणी सोडलं तरच पुढं जाणार, नायतर बसा अडकून! मला डायरेक्ट समुद्रात ड्रॉप द्या."

आम्ही सगळे हसलो. काकू नाही हसली. तिनं त्यांचा हात धरला अन् म्हणली, "मी माझ्या हातानं सोडीन."

दिवाळीनंतर काका गेले. भावकीनं ऐकलं नाही, अस्थी पैठणलाच गेल्या. पण मूठभर अस्थी काकूनं मागं ठेवल्या, पांढऱ्या फडक्यात बांधून. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून ती पुरचुंडी दारातल्या कडुलिंबाला टांगलेली. काकू त्या झाडाखालीच ताट घेऊन बसायची... दोन घास खायची अन् उठायची. वाळून निम्मी झाली होती.

"चौपाटीवर जाऊन सोडू की," दादा म्हणला.

"काठावर नाय. लाट परत आणून टाकती. मधी नेऊन सोडायचं."

मग मी हुशारी केली — मुंबईत प्रायव्हेट यॉट बुक केली! ऑनलाइन, दहा मिनिटांत. त्यांनी दोन पानांची पीडीएफ पाठवली. पहिल्या पानावर काय काय मिळणार ते : कॅप्टन, एक खलाशी, डिझेल, लाइफ जॅकेट, पाण्याच्या बाटल्या, बर्फ, म्युझिक सिस्टीम. दुसरं पान... मी उघडलंच नाही. खरं सांगते, माझ्या डोक्यात यॉट म्हणजे पाण्यावरची टेम्पो ट्रॅव्हलर! आपल्याकडं कसं, गाडी केली की गाडी आपली. 'भाऊ, जरा इथं थांबा' म्हणलं की थांबते, 'वाटेत देवीला जाऊ' म्हणलं की वळते. मला वाटलं प्रायव्हेट म्हणजे तसंच.

जानेवारीतला शनिवार. दुपारी चारचा स्लॉट. मी, काकू आणि दादा. धक्क्यावर कॅप्टननं पिशवीतलं निरांजन बघितलं, मग काकूच्या हातातली पुरचुंडी बघितली, अन् त्याचा चेहराच बदलला.

"ताई, दुसरं पान वाचलं नाही का?"

"...नाही."

"प्रायव्हेट म्हणजे बोटीवर दुसरे पाहुणे नसणार, एवढंच. रूट आमचा. वेळ दोन तास, त्यात चढणं-उतरणं आलं. खाणं तुमचं तुम्ही. दिवा-अगरबत्ती नाही. पाण्यात काही टाकायचं नाही. अस्थी विसर्जन तर नाव घालून लिहिलंय, नाही म्हणून."

"साहेब, मूठभर तर हाय," दादा म्हणला.

"मूठभर असो नाहीतर चिमूटभर. माझं लायसन जाईल. मावशी, रागावू नका..."

दादा माझ्यावर फिरला. "एवढी शिकलीस, एक पान वाचता येईना व्हय तुला?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काकू मात्र शांतपणे म्हणली, "आलोच हाओत तर चला. ह्यांना बघू तर द्या."

कॅप्टननं टोपी काढली, पुरचुंडी दोन्ही हातांत घेतली, मागं केबिनमध्ये स्टिअरिंगजवळच्या छोट्या लॉकरमध्ये ठेवली अन् कुलूप लावलं. किल्ली शर्टाच्या खिशात. "उतरताना देतो, मावशी."

बोट निघाली. काकू पुढं कठडा धरून उभी.

तासाभरानं फोटो स्टॉप आला — तो मात्र पॅकेजमध्ये होता. इंजिन बंद, दहा मिनिटं. कॅप्टन पुढं येऊन आमचा फोटो काढत होता, खलाशी 'मावशी, जरा इकडं सरका' म्हणत होता. म्हणजे बोटीवरचे पाचही जण पुढं, एका जागी. मागं कुणीच नाही, हे लक्षात ठेवा.

आणि मागून आवाज आला.

गाडीचं दार लावल्याचा. मी शपथेवर सांगते — जुन्या गाडीचं दार जोरात ओढून लावल्यावर येतो तस्साच, धाप्प! समुद्राच्या मधोमध.

"काय पडलं रे?" कॅप्टन मागं पळाला. काही पडलं नव्हतं. लॉकर बंद, कुलूप जागेवर.

काकूनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. पाण्याकडं बघत साध्या आवाजात म्हणली, "उतरले."

"कोण, आई?" दादानं विचारलं.

धक्क्याला लागल्यावर कॅप्टननं आमच्या समोर खिशातून किल्ली काढली, लॉकर उघडला. पुरचुंडी तिथंच होती. गाठ तशीच, काकूनं करमाडला मारलेली दुहेरी गाठ. पण फडकं चिंब भिजलेलं... अन् चपटं. आत काहीच नव्हतं. लॉकर आतून कोरडा ठणठणीत. कॅप्टननं हात घालून कोपरे चाचपले.

"मावशी, आईशप्पथ... किल्ली माझ्याकडंच होती."

दादा आधी त्याच्यावर ओरडला, मग माझ्यावर, मग एकदम खाली बसून रडायला लागला. मला वाटलं, चला, सुटलो. काकांना हवं ते झालं. मी काकूला मिठी मारायला गेले तर तिनं मला बाजूला केलं. तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज फुटला.

"मी हातानं सोडणार होते गं, ऋतू. शब्द दिलता मी. आयुष्यभर मी त्यांना थांब म्हणले, अन् आज... आज मला एक मिनिट थांबले नाय ते."



कॅप्टननं नंतर केबिनच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. मी किती वेळा बघितलं असेल... बंद लॉकर दिसतो. बस्स. दुसरं काही नाही.

गेल्या रविवारी करमाडला गेले होते. ऊन कसलं म्हणता, ओली चादर अर्ध्या तासात कडक होते. काकू आता नीट जेवते, अंगानं भरलीय जरा. ते फडकं तिनं पडवीत दोरीवर टाकलंय. मी सहज हात लावला... ओलं. चार महिन्यांनी! बोट जिभेला लावलं तर खारट.

मी ते उचलून अंगणात उन्हात टाकायला निघाले तर काकू आतून ओरडली, "राहू दे तिथंच! सावलीतच राहू दे."

"अगं, पण वाळायला नको का?"

"नको," ती म्हणली. "वाळलं म्हंजी मग खरंच गेले."

मी परत दोरीवर टाकलं.